आधी नकाशा, मग नारळ

2 मार्च 2024 रोजी बारामतीच्या नव्या बसस्थानकाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात होते, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार हे दोन्ही उपमुख्यमंत्री होते. त्याच दिवशीच्या रोजगार मेळाव्यात शरद पवारही व्यासपीठावर दिसले. नव्हता तो फक्त नगरपरिषदेचा निवडून आलेला सदस्य, कारण असा सदस्यच तेव्हा कुणी उरला नव्हता. 14 डिसेंबर 2016 च्या मतदानातून आलेल्या सभागृहाची मुदत पाच वर्षांनी संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला आणि पुढचे मतदान व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षे बारामतीचा आणि शेजारच्या इंदापूरचा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला.

दोन्ही नगरपालिका 1865 सालच्या, म्हणजे दीडशे वर्षांहून जुन्या. एवढ्या जुन्या संस्थांचे सभागृह चार वर्षे कुलूपबंद राहते, आणि नेमक्या त्याच काळात शहराच्या मध्यभागाचा चेहरामोहरा बदलतो, ही गोष्ट साधी नाही.

बसस्थानक एसटी महामंडळाचे, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कालवा जलसंपदा विभागाचा, हे खरे. पण या सगळ्यांची कामे ज्या जमिनीवर होतात ती एकच आहे. गांधी चौकातून गुणवडी चौकाकडे जाणाऱ्या माणसाला खात्यांच्या हद्दी दिसत नाहीत. त्याला खोदलेला रस्ता दिसतो, हललेली हातगाडी दिसते आणि दोन महिन्यांनी नवी फरशी दिसते. या तिन्हींवर तो बोलतोही भरपूर. बारामतीत शहराविषयी चर्चा होत नाही, असे कुणी म्हणू नये. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, बाजार समितीच्या आवारात, लग्नाच्या मांडवात ती अखंड चालू असते. फक्त ती काम झाल्यावर होते. काम होण्याआधी ती कुठे करायची, याची जागा शहरात नाही.

बारामतीच्या पद्धतीचे गुण मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. इथे कामे होतात. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांच्या गावी भूमिपूजनाची कोनशिला बसते आणि पुढे तिच्यावर शेवाळ चढते. बारामतीत 2019 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, बसस्थानक उभे राहिले, नीरा डाव्या कालव्याचा आणि कऱ्हेचा काठ सजला. अजित पवारांची पहाटेची पाहणी तर राज्यभर प्रसिद्ध होती. उजाडायच्या आत ते साइटवर हजर असत, फरशीचा सांधा चुकला तर ठेकेदाराची तिथेच हजेरी घेत. अशा पाहणीने कामाचा दर्जा सुधारतो, यात शंका नाही. मात्र फरशी नीट बसली का, एवढेच पाहणी सांगते. फरशी तिथे हवी होती का, पादचाऱ्याला सावली हवी होती की कारंजे, हा प्रश्न पाहणीच्या वेळेला उशिराचा ठरतो. तोवर निविदा निघालेली असते, कार्यारंभ आदेश दिलेला असतो.

कायद्याने लोकांना बोलण्याची एक जागा ठेवली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार शहराचा विकास आराखडा तयार झाला की प्रारूप प्रसिद्ध करावे लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, समितीपुढे सुनावणी होते. आपल्या घरावर रस्ता किंवा शेतावर बगीचा दाखवला असेल, तर माणूस तिथे जाऊन भांडू शकतो. पण शहराचा मध्यभाग बदलतो तो दर वेळी आराखड्याने नव्हे. तो बदलतो ‘कामां’नी. सुशोभीकरण, काँक्रिटीकरण, चौकाचे नूतनीकरण, व्यापारी संकुल अशी ही कामे असतात. त्यांना प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मंजुरी लागते, निधी लागतो. हरकती मागवणे मात्र बहुतेक वेळा लागत नाही. म्हणजे वीस वर्षांनी होईल किंवा होणार नाही अशा रस्त्यावर नागरिकाला बोलता येते, आणि पुढच्या महिन्यात दारासमोर खणल्या जाणाऱ्या रस्त्यावर बोलता येत नाही.

पूर्वी ही उणीव सर्वसाधारण सभा थोडीफार भरून काढत असे. तिथे गोंधळ व्हायचा, टक्केवारीच्या कुजबुजी व्हायच्या, कधी माईक हिसकावले जायचे. तरीही विषयपत्रिका छापली जायची, ठराव वाचला जायचा, विरोधी बाकावरचा एखादा नगरसेवक ‘हे कुणाला विचारून?’ असे ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी ते स्थानिक पेपरात यायचे. प्रशासकाच्या काळात सभेचे सगळे अधिकार एका अधिकाऱ्याकडे आले. ठराव झाले, पण ते ओरडणे गेले.

कऱ्हेचे उदाहरण घ्यावे. पुरंदरात उगम पावणारी, जेजुरी-मोरगाववरून येणारी ही नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते, म्हणून तिचे पात्र म्हणजे मोकळी जागा असा समज सहज होतो. तिच्याच काठी पेशवाईतले सरदार बाबुजी नाईक यांचा वाडा आहे. त्यांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले आणि 1794 मध्ये इथेच वारले. वाडा, घाट, मंदिरे असलेला हा काठ सजवावा, तिथे लोकांना फिरता यावे, ही कल्पना कुणालाही आवडेल. पण सप्टेंबर 2019 मध्ये नाझरे धरणातून पाणी सोडले गेले आणि काठावरच्या हजारो लोकांना रातोरात हलवावे लागले. नदीने आपली रुंदी त्या रात्री स्वतः मोजून दाखवली. अशा नदीला भिंती घालायच्या असतील तर किती अंतरावर, पुराची रेषा कुठली, पाणी अडले तर ते कुठल्या वस्तीत शिरेल, हे प्रश्न अभियंत्याच्या टेबलावर सुटणारे नाहीत. त्या रात्री कोणत्या गल्लीत किती पाणी आले, हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. त्यांना विचारणे हा उपकार नाही, ती तांत्रिक गरज आहे.

कालव्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. नीरा डावा कालवा बारामती शहराच्या मधून जातो आणि पुढे इंदापूर तालुक्याच्या शेतांकडे वळतो. शहरवासीयाला कालव्याकाठी फिरायला पदपथ हवा, दिवे हवेत, बाक हवेत. खालच्या शेतकऱ्याला कालवा म्हणजे शेतीच्या पाण्याचे आवर्तन. काँक्रीटचे अस्तर केले की गळती थांबते आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते, असे खाते म्हणते. त्याच गळतीवर आमच्या विहिरी भरतात, असे काठचा शेतकरी म्हणतो. या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूर पट्ट्यात विरोध झाला तो यामुळेच. मे 2025 च्या पावसात हाच कालवा पिंपळीजवळ फुटला आणि पाणी शेतांत, घरांत घुसले. शहराच्या मध्यभागातला कालव्याचा तुकडा सजवताना त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचाही हक्क त्यावर आहे, हे लक्षात घेणारी सभा आजच्या रचनेत कोणतीच नाही. नगरपरिषदेची हद्द शहरापाशी संपते, पाण्याची संपत नाही.

पेठेतला प्रश्न पुन्हा वेगळा. मारवाड पेठ, महावीर पथ, सिनेमा रोड हा जुन्या बारामतीचा बाजार. भिगवण रस्त्यावर मोठमोठी दालने आली, तिथे गाडी लावायला जागा मिळाली, आणि पेठेतल्या दुकानदाराला धास्ती बसली. म्हणून तो पार्किंग मागतो. पार्किंगसाठी रस्ता मोकळा करायचा तर पहिली उचलली जाते ती हातगाडी आणि पथारी. फळवाली, मेथीच्या जुड्या घेऊन येणारी खेड्यातली बाई, चपला शिवणारा यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हलवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यातही एक तृतीयांश स्त्रिया. ही समिती जिथे खरोखर बसते तिथे दुकानदार आणि पथारीवाला समोरासमोर येतात, भांडतात आणि बहुधा विक्रीच्या वेळा वाटून घेतात. जिथे ती कागदावरच असते तिथे अतिक्रमण विभागाची गाडी येते.

रस्त्याची रचना हा केवळ सौंदर्याचा विषय नाही, हे बारामतीला फार कठोरपणे कळले. जुलै 2025 मध्ये खंडोबानगर चौकात डंपरखाली सापडून दुचाकीवरचे वडील आणि त्यांच्या दोन लहान मुली गेल्या. सारे शहर हादरले. चौकाची आखणी कशी हवी, अवजड वाहने कोणत्या वेळी शहरात यावीत, यावर त्यानंतर सगळे बोलू लागले. बोलण्यासाठी तीन जीव जावे लागले.

2011 च्या जनगणनेत इंदापूरची लोकसंख्या बारामतीच्या निम्म्याच्या आसपास होती आणि तिथला निधीही कमी, पण तिथे प्रश्नाचा पीळ अधिक घट्ट आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या नावाची गढी गावाच्या मध्यभागी आहे आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गाही. गढीचे जतन व्हावे ही मागणी रास्त आहे. पण गढीचा विषय निघाला की दर्ग्याचा निघतो, आणि मग नगररचनेच्या प्रश्नाला धार्मिक मोर्चाचे रूप यायला वेळ लागत नाही. बुरुजाची डागडुजी कशी करायची, कोणती भिंत मूळची आणि कोणती नंतरची, भाविकांची वाट कुठून ठेवायची, आठवडे बाजारादिवशी तिथे काय होते, हे प्रश्न मोर्चात कुणी विचारत नाही. ते विचारण्याची शांत जागा नसली की घोषणांची जागा आपोआप मोठी होते.

या तालुक्याला दुसऱ्यांनी आखलेल्या गावाचा अनुभवही आहे. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर पाणी आटले की अजून वर येते आणि लोक ते पाहायला होड्यांतून जातात. पुनर्वसित गावठाणे सरळ रेषांत आखली गेली. रस्ते रुंद मिळाले. देऊळ, पार, बाजार, शेत यांचे एकमेकांशी असलेले नाते मात्र रेषेत बसले नाही.

आणि लोकांच्या सभेच्या बाबतीत इथे एक विरोधाभास आहे. इंदापूर तालुक्यातल्या लहानशा खेड्यातला माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. कायद्याने ग्रामसभा घ्यावीच लागते. जळोची, तांदूळवाडी, रुई ही गावे हद्दवाढीत बारामती नगरपरिषदेत आली, तेव्हा त्यांना शहरी सुविधांचे आश्वासन मिळाले आणि ग्रामसभा गेली. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत बारामतीची लोकसंख्या 54 हजारांच्या घरात होती. म्हणजे खेड्याला सभा, महानगराला समिती, आणि मधल्या गावाला काहीच नाही. महाराष्ट्राने 2009 मध्ये कायदा करून शहरांतही मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद केली. ती कागदावरच राहिली.

चर्चेने कामे रखडतात, हा आक्षेप पोकळ नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळासाठीचा विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे 87 हजार हरकती आल्या, 2015 मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि मंजुरी मिळायला 2017 उजाडले. आराखड्याची निम्मी मुदत तोवर संपली होती. पण हे हरकती घेणारे लोक कामात खोडा घालायला आले नव्हते. सहा-सात वर्षे बंद दाराआड नकाशा रंगवला गेला आणि दार उघडल्यावर सगळे एकदम आत आले. उशीर दाराआड झाला होता.

दुसरी रीतही या देशात होऊन गेली आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये भारतात आले. पुढे ते मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी अडचणीचे तेवढेच घर काढा, विहीर साफ करा, झाड आणि पार राखा, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदुरात प्लेगची साथ होती. गेडिस यांनी तिथे दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढली आणि जाहीर केले की जी गल्ली सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असेल तिच्यातून मिरवणूक जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली, कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. त्याच मिरवणुकीत नव्या शहराच्या प्रतिकृतीही होत्या, म्हणजे आराखडा कचेरीतून निघून लोकांच्या दारापुढून गेला.

बारामती आणि इंदापूर यांना अशा मिरवणुकीसाठी वेगळा घाट घालावा लागणार नाही. तुकोबांची पालखी दर आषाढीला दोन्ही गावांतून जाते. ती येण्याआधी खड्डे बुजतात, दिवे लागतात, पाण्याचे टँकर उभे राहतात. बारामतीच्या शारदा प्रांगणात मुक्काम पडतो आणि एक दिवस शहराचा मध्यभाग चालणाऱ्यांचा होतो. कुठे सावली नाही, कुठे शौचालय नाही, कोणता चौक तुंबतो, हे त्या दिवशी उघड दिसते. ती नोंद करून ठेवली तरी दरवर्षी शहराचे एक फुकट सर्वेक्षण हाती येईल.

डिसेंबर 2025 च्या मतदानाने दोन्ही नगरपरिषदांत पुन्हा सभागृह आले आहे. क्षेत्रसभेसाठी राज्य सरकारकडे आग्रह धरावा लागेल आणि तो धरला पाहिजे. तोवर तीन गोष्टी ठरावाने होण्यासारख्या आहेत. मध्यभागातल्या कोणत्याही मोठ्या कामाचा नकाशा, खर्च आणि मुदत निविदेआधी त्या चौकात मराठीत लावावी. आलेल्या सूचनांना, मान्य असोत वा अमान्य, लेखी उत्तर द्यावे. आणि पथविक्रेता समितीचे मत घेतल्याशिवाय पेठेतल्या रस्त्याला हात लावू नये. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. बारामती-इंदापूरच्या नव्या सदस्यांनी पुढच्या भूमिपूजनाचा नारळ घेण्याआधी एवढे करावे, आणि मतदारांनी ते त्यांच्याकडून मागून घ्यावे.