दूरच्या वडीलधाऱ्यांस काय पाठवावे?

सज्जनहो, आषाढीची वारी करून माणूस परत निघाला, की पंढरीच्या बाजारात घरच्या सगळ्यांची आठवण करतो. नातवाला टाळ, सुनेला बांगड्या, शेजाऱ्यांना प्रसाद. पण घरचेच असून घरात नसलेले एक माणूस मागे राहते. कोणाची आत्या मुलापाशी इंदुरास असते, कोणाचे थोरले काका सुरतेस. एके काळी त्यांनी आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी वाट तुडविली. आता उंबरा ओलांडायचा तर कोणाचा तरी हात धरावा लागतो. त्यांना काय पाठवावे?

पुष्कळ जण शाल पाठवितात. शाल वाईट नव्हे हो! पण आत्याच्या पेटीत आधीच्या चार शाली घडी न मोडता पडल्या आहेत. पेढे पाठविले, तर साखर वर्ज्य. शेंगदाण्याचे लाडू पाठविले, तर तोंडात दात नाहीत. पाठविणारा मोकळा झाला आणि आत्या होती तेथेच राहिली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी देश, काल आणि पात्र पाहावयास सांगितले आहे. आता वडीलधाऱ्यांस दिलेले ते काही दान नव्हे. ज्याने आपल्यावर उपकार केला नाही त्याला द्यावे, ते दान. आत्याने तर आपल्याला कडेवर खेळविले. तिला देणे म्हणजे ऋण फेडणे. पण ऋण फेडतानाही हे तीन शब्द उपयोगी पडतात.

देश पाहावा. शाल इंदुरास मिळते, पेढाही मिळतो; पंढरीचा बुक्का आणि तुळशीची माळ तेथे आपण पाठवू तेव्हाच पोचते. काल पाहावा. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो तो कार्तिकी एकादशीपर्यंत. हे चार महिने म्हातारे माणूस पोथी-हरिपाठात घालविते, तेव्हा भेट त्याच्या आरंभी पोचावी. पात्र पाहावे. डोळे अधू असतील तर हरिपाठ मोठ्या अक्षरांचा असावा. हात कापत असतील तर पुस्तक हलके असावे. साखर चालत नसेल तर बत्तासे वगळून चुरमुरे बांधावेत.

इतके केले म्हणजे झाले काय? नाही. मुख्य गोष्ट पुढेच आहे. भागवताच्या दशम स्कंधात, ज्याला आपण सुदामा म्हणतो त्या ब्राह्मणाची कथा आहे. बायकोने चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून बिचारा लाजला, मान खाली घालून बसला. तेव्हा देवाने काय केले? आधी संपत्ती दिली का? नाही! आधी विचारले, ‘माझ्यासाठी घरून काय आणलेस?’ आणि ती पुरचुंडी स्वतः ओढून घेतली. जो घेण्यासाठी आला होता, त्याला देवाने आधी देणारा केला. त्याची लाज राखली आणि मग घर भरले.

मायबाप हो, म्हातारपणाचे खरे दुःख हेच आहे. ज्या हातांनी जन्मभर वाढले, ते हात आता नुसते घेतात. मुलाचे घ्यावयाचे, सुनेचे घ्यावयाचे, औषधही दुसऱ्याने द्यावयाचे. त्यात आपण आणखी एक वस्तू पाठवून घेण्याचे ओझेच वाढवितो. म्हणून भेट अशी निवडावी, की जिच्यामुळे ते माणूस पुन्हा देणारे होईल.

हे कसे करावे? प्रसादाची एक पुडी पाठवू नये, दहा पाठवाव्यात, निरनिराळ्या बांधून. म्हणजे आत्या शेजारणीला हाक मारील, दूधवाल्याला थांबवील, नातवाच्या कपाळी बुक्का लावील. त्या दिवशी त्या घराचे पंढरपूर तिच्या हातात असेल.

सोबत एक पत्र लिहावे. दिवे घाटात पाऊस होता का, नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान कसे झाले, चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण कसे झाले, वाखरीला कोण कोण भेटले, ते सांगावे. तुम्ही म्हणाल, महाराज, आता मोबाईलवर पालखी घरबसल्या दिसते. दिसते खरी, आणि दिसावी. पण ते यंत्र आत्याला काही विचारीत नाही. तुम्ही विचारा. ‘आत्या, तुझ्या वेळी मुक्कामाला स्वयंपाक कसा करीत? जात्यावरच्या तुझ्या ओव्या कोणत्या? मला हव्या आहेत.’ हात चालत असेल तर आपला पत्ता घालून, तिकीट लावून एक रिकामे पाकीट ठेवावे. हात चालत नसेल तर फोन करावा आणि मग आपण गप्प बसून ऐकावे, वही घेऊन.

त्या पाकिटातून परत येईल, ते सुदाम्याचे पोहे समजा. अक्षर वाकडे असेल, चार ओळीच असतील. ते मागून घ्या, ओढून घ्या. पुढच्या वर्षी ते पाकीट येईलच असे नाही.

रामकृष्णहरि!