पाचाड, पंधरा मिनिटं

पोलादपूरच्या एका घरात दिवाळीच्या सुट्टीत रायगडला जायचं ठरलं. बेत आखायचं काम पुण्याहून आलेल्या थोरल्या नातवाकडे होतं. हुशार पोरगा, वहीच्या एका पानावर त्यानं अख्खा दिवस बसवला. सहाला गाडी काढायची. महाडला गांधारपाल्याची लेणी, चवदार तळं. मग हिरकणीवाडीहून रोपवेनं गडावर. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, महाराजांची समाधी, टकमक टोक. दिवेलागणीला घरी. मधेच बारीक अक्षरात लिहिलं होतं : पाचाड, १५ मिनिटं.

रात्री त्यानं पान आजीला वाचून दाखवलं. आजीला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं.

"मला जिजाऊंचा वाडा बघायचाय रे. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

"तिथं काय उरलंय आजी? नुसती जोती."

आजी काही बोलली नाही. गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली तिनं पिशवीत टाकली.

लेण्यांच्या पायऱ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या, ती गाडीतच बसून राहिली. चवदार तळ्यावर मात्र उतरली. १९२७ च्या मार्चात बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी जिथलं पाणी ओंजळीत घेतलं, त्या पाण्याकडे बघत हात जोडून उभी राहिली, तोवर गाडीतून हाका सुरू झाल्या.

पाचाडला नातवानं मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला.

भोवती दगडी तट, आत काळ्या दगडांची जोती आणि वाळलेलं गवत. छप्पर नाही, खांब नाही. आजी मात्र नव्या घराची वास्तुशांत बघायला आल्यासारखी फिरू लागली. "हे माजघर असंल. चूल इकडं." विहिरीपाशी आली. काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. महाराज इथं बसून पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करत, असं लोक सांगतात. आजीनं दगडावरून हात फिरवला.

"आजी, गड एवढा जवळ. मग जिजाऊ खाली का राहिल्या?"

"वरचा गार वारा सोसेना. वय झालेलं." मान वर करून तिनं गडाकडे पाहिलं. "एवढा राजा, पण आईला म्हणाला नाही, की जरा सोस. तिला मानवंल तिथं घर बांधून दिलं."

राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी डोळे मिटले ते याच पाचाडात. मला वाटतं, या जोत्यांपाशी घटकाभर थांबल्याशिवाय गडावरचं सिंहासन पुरतं कळत नाही.

गजर वाजला. नातवानं तो बंद केला, गाडीपाशी गेला आणि म्हणाला, "तुम्ही जा वर. आम्ही दोघं इथंच आहोत."

"अरे, पण टकमक?" आजीनं विचारलं.

"पुढच्या खेपेला. आता जिजाऊंच्या समाधीला जाऊ. तुझ्या चालीनं."

समाधीचं दर्शन झालं. सावली बघून दोघांनी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. आजीनं पाय लांब केले, नातवानं गुडघ्यांना तेल लावलं. तिच्या लुगड्याच्या काठाला गवताची कुसळं चिकटली होती. त्यानं खिशातलं वहीचं पान काढून जमिनीवर पसरलं आणि एकेक कुसळ उपटून त्यावर ठेवू लागला.