श्रवण झालं, मनन कधी?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आरती झाली, प्रसाद घेतला की आपल्यात एक विषय हमखास निघतो : "आजकालची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, कशात लक्षच लागत नाही त्यांचं." तक्रार खोटी नाही. पण यात मुलांचा दोष किती आणि आपलं कर्तव्य काय, याचा शांतपणे विचार करू या.

ज्ञानाच्या तीन पायऱ्या आपल्याला ठाऊक आहेत : श्रवण, मनन, निदिध्यास. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला हाच क्रम सांगितला. आधी ऐकायचं, मग ते मनात घोळवायचं, मग त्यात मुरायचं. इंटरनेटने श्रवण फार सोपं केलं. इंदूरला भंवरकुआँ भागात राहून परीक्षेची तयारी करणारी आपली मुलं खोलीत बसून मोठमोठ्या शिक्षकांची लेक्चर्स ऐकतात. आपल्या वेळी हे कुठे होतं? अडतं ते मननात. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ऐकलेलं आत उतरायला मध्ये जी रिकामी जागा लागते, तीच उरत नाही.

पोथीला अध्याय असतात ते उगीच नाहीत. दासबोधाचे २० दशक, २०० समास. समास संपला की वाचणारा थांबतो, हात जोडतो, पोथी बांधून ठेवतो. मग भाजी निवडताना, बाजारात जाताना वाचलेलं आठवत राहतं. पूर्वी इंटरनेटवरचं पानही खाली संपायचं; पुढचं उघडायला बटण दाबावं लागे. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. बोट सरकवत राहा, शेवट येतच नाही! पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. म्हणजे ज्याला अध्यायच नाहीत असा ग्रंथ आपण सोळा वर्षांच्या पोराच्या हाती दिला, आणि वर त्यालाच म्हणतो, "तुझ्यात संयम नाही."

शिवाय हे पोरांपुरतं नाही. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक ग्लोरिया मार्क यांनी नोकरदार माणसांचं निरीक्षण केलं. २००४ मध्ये लक्ष एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होतं. अलीकडे ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं. ही तर मोठी, कमावती माणसं!

मग मुलांकडे काहीच जबाबदारी नाही का? तसंही नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही ही अर्जुनाची तक्रार भगवंतांनी मान्य केली, पण अभ्यास आणि वैराग्य हा उपाय करायचा होता अर्जुनालाच. पान आपणहून संपत नसेल, तर समाप्ती आपण म्हणायची.

त्यासाठी एवढं करून पाहू या. मुलाने काही पाहिलं-ऐकलं की फोन पालथा ठेवायचा आणि ते आपल्या शब्दांत घरात कुणाला तरी सांगायचं. तो सांगत असेल तेव्हा आपलाही फोन पालथाच हवा. आपल्याकडे कुणी लक्ष दिलं, तरच मुलांना लक्ष देणं म्हणजे काय ते कळतं.

हे पत्रही मोबाइलवरच आलं आहे. वाचून लगेच पुढे पाठवू नका. दोन मिनिटं नुसते बसा. पटलं नाही तर तसंही जरूर कळवा. तेही मननच आहे.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥