मडके, कर्ता आणि साक्ष

मृत्तिकाकलेच्या प्रदर्शनात प्रेक्षकांचा एखादा गट कलावंतासमवेत फिरू लागला, की नजर हळूहळू वस्तूवरून ढळते आणि बोलणाऱ्याच्या मुखाकडे वळते. मातीच्या कामाने समकालीन कलेचे दालन गाठले आहे, हे 2018 साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरलेल्या भारतीय सिरॅमिक्सच्या त्रैवार्षिक प्रदर्शनाने स्पष्ट केले. पण दालनासोबत भाष्यही आले. वस्तूला हात लावण्याची बहुधा मनाई असते, भाष्य मात्र मुक्त असते. बाजारात याच्या नेमके उलट घडते. गिऱ्हाईक बोटाच्या पेराने मडके वाजवून पाहते, कुंभाराला किमतीपलीकडे काही विचारीत नाही. यातला कोणता व्यवहार अधिक न्याय्य मानावा?

लेखकाच्या हेतूला प्रमाण मानू नये, असे विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी 1946 साली बजावले. 1967 साली बार्तने तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. साहित्यसंहितेपुरता हा युक्तिवाद पेलतो. मृत्पात्रापाशी तो अडखळतो, कारण येथे कर्ता एकटा नसतो. तांब्याची झिलई भरपूर प्राणवायू मिळालेल्या आचेत हिरवी उतरते, प्राणवायू कोंडलेल्या आचेत लाल. भट्टी कलावंतच लावतो. तरीही ती उघडेपर्यंत नेमके काय हाती येणार, हे त्यालाही पुरते ठाऊक नसते. म्हणजे तो आपल्या वस्तूचा पहिला प्रेक्षक असतो. त्याचे बोलणे मालकाचे फर्मान न मानता साक्षीदाराची जबानी मानले, तर ते ऐकण्यात रसिकाच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही. आच, माती, तडकलेली भांडी यांविषयीची जबानी मोलाची. 'याचा अर्थ असा' ही तिची पुरवणी मात्र तपासूनच घ्यावी.

आकुर्डीहून असा गट निघाला, तर प्रश्नाला आणखी एक धार येते. आकुर्डीच्या कारखान्यात घडलेली चेतक स्कूटर घरोघर पोचली; 2007 साली तेथील दुचाकींचे उत्पादन थांबले आणि 2022 पासून विजेवर चालणारी चेतक तेथे तयार होऊ लागली. या साऱ्या काळात एखाद्या कामगाराने स्कूटरशेजारी उभे राहून 'हा सांधा माझा' असे सांगावे, अशी सोय कोणत्या दालनात होती? कर्त्याने वस्तूपाशी उभे राहून बोलणे हा कलेचा स्वभावधर्म नव्हे, तो काहींनाच लाभलेला अधिकार आहे. त्या गटातल्या यंत्रकामगाराला हे सांगावे लागणार नाही. बाद मालाची मोजदाद त्याच्या रोजच्या कामाचा भाग असते. प्रदर्शनात मात्र तडकलेले भांडे सहसा मांडलेच जात नाही.

गोरोबांची आख्यायिका येथे आठवते. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पण त्या कथेत पारखणारा गोरा आपण घडवलेल्या मडक्यांविषयी एक शब्दही बोलत नाही. तो फक्त वाजवतो आणि ऐकतो. दालनातल्या गटाला वाजवण्याची मुभा नसते. ऐकण्याची असते, आणि ऐकायला मिळतो तो केवळ कलावंताचा आवाज.