पाहुण्याला काय वाढायचं?

दोस्तांनो, प्रश्न साधा आहे आणि तो तुमच्या-माझ्या घरात वरचेवर पडतो. चळवळीतला मित्र, कॉलेजातला सर, कामावरचा जोडीदार घरी जेवायला येणार असतो. तो सवर्ण असतो. मग घरात कुजबुज सुरू होते. काय रांधायचं? आई म्हणते, पुऱ्या करू, श्रीखंड आणा. बहीण म्हणते, पनीर. बाप म्हणतो, वजडीचा वास घरात राह्यला नको, ती परवा करा. एरवी ज्या चुलीवर सुकट परतते, रक्ती शिजते, पायाचा रस्सा रटरटतो, ती चूल त्या दिवशी सोवळं नेसते.

कुणी म्हणेल, यात काय एवढं? पाहुणा देवासारखा, त्याला आवडेल ते करावं. मी म्हणतो, थांबा. हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो आपण फार स्वस्तात सोडवतो. पाहुण्याचा मान कशात? त्याच्या जिभेला जपण्यात, का आपण जे आहोत ते त्याच्यापुढं मांडण्यात?

आधी अन्नाच्या देण्याघेण्याचा हिशेब बघू. महारानं गावची भाकरी पिढ्यान्पिढ्या खाल्ली. येसकराची पाळी आली की घरोघर हिंडायचं, दारापुढं उभं राह्यचं, वरून टाकलेला तुकडा टोपल्यात झेलायचा. १९५८ सालच्या कायद्यानं वतनं खालसा झाली, पण त्याआधी हे रीतसर चाललं. म्हणजे पाटलाच्या घरी रांधलेलं महाराच्या पोटात जायला जातीची कधी हरकतच नव्हती. हरकत होती उलट्या वाटेला. महाराच्या तव्यावरची भाकरी पाटलाच्या पोटात गेली असती तर आभाळ कोसळलं असतं. जातीचं सगळं अन्नशास्त्र एवढ्यात मावतं. अन्न वरून खाली येतं, खालून वर जात नाही. देणाऱ्याचा हात कायम वर.

म्हणून कुणी सवर्ण मित्र मला त्याच्या घरी जेवायला बोलावतो तेव्हा मी जातो, पोटभर जेवतो, पण त्याला क्रांती म्हणत नाही. देणं त्याच्या जातीला नवीन नाही. माझ्याकडचं तो घेतो का, ते बघायचं.

आमच्या सूतगिरणीत जेवणाच्या सुट्टीत रिंगफ्रेमवरचे आम्ही दहा-बाराजण गोल करून बसतो. माझ्या डब्याच्या झाकणात लोणचं पडतं, कुणाची मटकी पडते, सणाला पोळी पडते. मी माझी भाजी पुढं सरकवतो तेव्हा एकाचं पोट भरलेलं असतं, दुसऱ्याचा वार असतो, तिसऱ्याला तिखट सोसत नाही. कुणी शिवी देत नाही. कुणी लांब बस म्हणत नाही. तक्रार करावी असं काहीच घडत नाही. १९५५ सालचा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा हॉटेलवाल्याला धरतो, पाणवठ्यावर अडवणाऱ्याला धरतो. भरलेल्या पोटाला तो कसा धरणार? जिथं कायदा शिरत नाही तिथंच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, अस्पृश्यांना घेत नसत. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. धोट्याला थुंकी लागायची आणि तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. सवर्ण कामगार म्हणाले, महाराचं उष्टं आम्ही तोंडात घेणार नाही. साचाखात्यात पगार जास्त. तो जास्तीचा पगार आपल्या आज्या-पणज्यांच्या हातचा गेला तो थुंकीपायी. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. मालक एक, भोंगा एक, घाम एक, पण तोंडं वेगळी! जात कुठं राहते म्हणून विचाराल तर पुस्तकात राहते, मनात राहते. पण तिची चौकी तोंडापाशी असते. काय आत जाऊ द्यायचं आणि कुणाचं जाऊ द्यायचं, यावर तिचा पहारा असतो.

मग सहभोजनं करावीत का? झाली की. १९१७ साली केरळात चेराई या गावी सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवलं. ते इळवा जातीचे. सवर्णांच्या लेखी ही जातही विटाळाची. तरी त्यांनी तोंड वर करून बामणाला बोलावलं नाही. आपल्याहून खालच्या मानलेल्या पुलयांना शेजारी घेऊन ते जेवले. त्यांच्याच जातवाल्यांनी त्यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवलं आणि त्यांनी ते नाव मानानं मिरवलं. हे ध्यानात ठेवा, पुढं याचं काम आहे.

पण १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी सहभोजनाची मर्यादा दाखवून दिली. एकत्र जेवूनही जाती शाबूत राहतात. खरा उपाय आंतरजातीय लग्नात आहे, आणि ज्या शास्त्रांनी हा विटाळ पवित्र केला ती शास्त्रं नाकारण्यात आहे. हे खरंच आहे. मांडवात तासभर एका पंगतीला बसलं, आचारी बाहेरचा, पत्रावळ बाहेरची, हात धुतले, संपलं. आता तर निवडणूक आली की पुढारी दलिताच्या घरी जेवायला जातो, फोटो छापून येतो. २०१८ साली उत्तर प्रदेशातून बातम्या आल्या की असं जेवण आणि बाटलीतलं पाणी बाहेरून मागवलं होतं. घर आपलं, जमीन आपली, पाट आपला, फक्त अन्न आपलं नाही.

आता आपल्या घरी परत येतो. आपण स्वतःहून चूल सोवळी करून पनीर-पुरी वाढतो तेव्हा काय होतं? पाहुणा त्याच्याच घरचं जेवण आपल्या घरी जेवून जातो. जाताना म्हणतो, वाटलंच नाही हो तुमच्याकडं आलोय असं! आपण खूष होतो. त्या वाक्याचा अर्थ काय? त्यानं आपल्या घरी आपलं काहीच खाल्लं नाही. पुढारी बाहेरून अन्न आणतो, आपण बाहेरची रीत आणतो. फरक फार नाही.

यावर दोन हरकती येतात. पहिली अशी की बाबासाहेबांनीच १९२७ साली महाडात मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, मग जुनं खाणं कशाला मिरवायचं? नीट बघा. मेलेलं ढोर ओढायचं आणि त्याच्याच मांसावर भागवायचं, ही आपल्यावर लादलेली रीत होती. ती त्यांनी तोडायला लावली. दुकानातून पैसे मोजून आणलेलं ताजं मटण, वजडी, मुंडी ही वेगळी गोष्ट. मात्र गरिबीचे पोवाडे गाऊ नका. वजडी आपल्या वाट्याला आली कारण मांडी दुसऱ्याच्या वाट्याला गेली. पण त्या वजडीला मीठ चोळून, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा खरडून, वास घालवून, मऊ शिजवून तिची चव काढली ती आपल्या आयांनी. मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करून पावसाळ्याची बेगमी केली. धान्य भाजून, मसाल्याबरोबर दळून येसूर केला आणि पातळ रश्शाला दाट करून चार माणसांचं दहांना पुरवलं. ही विद्या आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून ती कागदावर आणली. विद्येची लाज कसली?

दुसरी हरकत पाहुण्याच्या बाजूची. तो माळकरी असेल, त्याला मांस चालत नसेल, मग जबरदस्ती करायची? मुळीच नाही. कुणाच्या तोंडात कोंबून समता येत नसते. न खाणं आणि किळस करणं या दोन गोष्टी आहेत. ज्याला मांस चालत नाही तो आपल्या हातची भाकरी-पिठलं खाईल, माठातलं पाणी पिईल, शेजारच्या ताटात नळी फोडली जात असताना मांडीला मांडी लावून बसेल. किळस करणारा पाण्यालाही नको म्हणतो, वर तब्येतीचं कारण सांगतो. पहिल्याच्या ताटाची सोय करायची. दुसऱ्यासाठी घर बदलायचं नाही.

भीतीचंही सांगतो. २०१५ सालापासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही कायद्यानं बंदी आहे. म्हशी-रेड्याला ती नाही. त्याच साली उत्तर प्रदेशात दादरीजवळ नुसत्या मांसाच्या अफवेवरून मोहम्मद अखलाक यांना घरात घुसून मारलं. अशा दिवसांत कुणी दार लावून रांधलं तर त्याला भेकड म्हणू नका. भीतीनं झाकणं वेगळं, लाजेनं झाकणं वेगळं. भीती बाहेरून येते, तिच्याशी संघटना करून लढता येतं. लाज आत बसलेली असते, तिला आपणच हाकलायला लागतं.

पाहुण्याचा धर्म काय, हे शिकायचं तर बुद्धाकडं बघा. पावा नगरीत चुंद नावाच्या लोहाराच्या पोरानं त्यांना जेवायला बोलावलं. त्यानं सूकरमद्दव वाढलं. ते डुकराचं मांस होतं का भुईछत्र, यावर पंडित अजून भांडतात. बुद्ध जेवले, त्यानंतर आजारी पडले, आणि त्या दुखण्यात त्यांना काळजी कुणाची? चुंदाची. आनंदाला सांगितलं की चुंदाला वाईट वाटू देऊ नका. संबोधीआधीचं जेवण आणि हे शेवटचं जेवण, दोन्हींचं पुण्य सारखंच मोठं. यजमान आपल्या अन्नापायी खाली मान घालणार नाही, हे ज्यानं पाहिलं तो खरा पाहुणा.

इथपर्यंत तुम्ही माना डोलवल्या असतील. आता ती ताटं मोजू या जी आपण मोजत नाही.

पाहुणा सवर्ण, यजमान आपण, चर्चा समतेची. रांधतंय कोण? गिरणीतनं नाहीतर चार घरची भांडी घासून आलेली आई, बहीण, बायको. दहा माणसं येणार हे तिला दुपारी कळतं. आपण बाहेर ‘जातिअंत’ म्हणतो आणि आत हात लांब करून भाकरी मागतो. ती जेवते शेवटी. तळाचा रस्सा, करपलेली भाकरी, नळी नसलेला तुकडा. मघाचा हिशेब इथं लावा. घेतो का ते बघायचं, असं मी सवर्णाला म्हणालो. आपण तिच्याकडून जन्मभर घेतो, तिला कधी रांधून वाढतो का? ज्याला भाकरी थापता येत नाही त्यानं पाहुणा बोलावण्याआधी परात जवळ ओढावी. पीठ कोमट पाण्यानं मळायचं, चार भाकऱ्या फाटतील, पाचवी फुगेल. त्यात आभाळ कोसळत नाही.

आणि अय्यप्पन आठवा. आपण बामणानं आपल्या घरी जेवावं म्हणून झुरतो. आपल्यापैकी किती जण मांगवाड्यात, ढोरवस्तीत, मेहतरांच्या चाळीत जाऊन त्यांच्या पातेल्यातलं जेवून आलेत? तिथंही आपलं पोट अचानक भरतं का? वरच्यानं आपलं घ्यावं म्हणून भांडायचा हक्क त्यालाच, जो खालच्या म्हटल्या गेलेल्याचं घेतो.

तेव्हा दोस्तांनो, पाहुणे बोलवा. जे घरात शिजतं ते शिजवा, चांगलं शिजवा, हात सैल सोडून वाढा. भांडं चुलीवरनं उतरवून मधोमध ठेवा आणि रांधणारीला भिंतीला उभी ठेवू नका, पहिलं ताट तिचं मांडा. ज्याला या पंगतीत बसवत नाही त्याची वाट मोकळी आहे. जो बसेल त्याला रस्सा पुन्हा वाढा आणि विचारा, आता तुझ्या घरी कधी, आणि तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात का बाहेरच्या ओट्यावर?

उत्तर येईपर्यंत वाढायचं थांबवू नका. जय भीम.