उमेदवाराचें सत्य

नोव्हेंबर २०२४ मध्यें महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तिच्या ऐन धामधुमींत माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. मुलगा निफाड तालुक्यांतला. घरीं कांद्याची शेती. तो म्हणाला, "सर, आमच्या गांवीं आलेला उमेदवार कांद्याला भाव मिळवून देतों म्हणतो. येथें पुण्यांत त्याच पक्षाचा दुसरा उमेदवार कांदा स्वस्त करतों म्हणून सांगतो. दोघांपैकीं खोटें कोण बोलतो?"

मीं अध्यापकाला शोभेल असें उत्तर दिलें. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत विषयांची वांटणी कशी केली आहे, शेती व बाजार राज्याकडे असले तरी निर्यातीचा विषय केंद्राकडे कसा, हें समजावून सांगितलें. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० शुल्क बसलें, डिसेंबरांत निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्यें ती बंदी उठली. हे सर्व निर्णय दिल्लीचे. तेव्हां विधानसभेच्या उमेदवाराच्या हातीं या बाबतींत फारसें कांहीं नाहीं. मुलानें सर्व मुकाट्यानें ऐकून घेतलें. मग "म्हणजे दोघेही," एवढेंच म्हणून तो निघून गेला.

या प्रश्नाला एक ठराविक उत्तर आहे, आणि तें अगदींच टाकाऊ नाहीं. उमेदवार हा आपल्या मुलखाचा वकील होय. नाशिककडच्यानें शेतकऱ्याची बाजू मांडावी, पुण्याच्यानें गिऱ्हाइकाची, आणि या खेंचाखेंचींतून राज्याचें हित आपोआप निघावें. पण वकिलासमोर न्यायाधीश बसलेला असतो. आपल्या विधानसभेंत २८८ सभासद. बाजू तेच मांडतात आणि मत देऊन निकालही तेच लावतात. न्यायासनावर बसूं इच्छिणाऱ्यानें केवळ वकीलपत्र घेतल्याची भाषा करावी, हें कसें चालेल? शिवाय येथें दोन्ही वकील एकाच कचेरींतले!

इंग्लंडचा इतिहास वाचलेल्यांना या ठिकाणीं एडमंड बर्कची आठवण होईल. १७७४ सालीं ब्रिस्टल या व्यापारी बंदरानें त्याला पार्लमेंटांत पाठविलें. त्यानें मतदारांना बजावलें कीं, मी तुमचा निरोप्या नव्हे; मी माझी बुद्धि तुमच्यासाठीं वापरीन, आणि ती तुमच्या मताविरुद्ध गेली तरीही वापरीन. (हें बोलला तोही निकाल लागल्यावर, हें विसरूं नये.) चार वर्षांनीं त्याची कसोटी लागली. आयर्लंडच्या व्यापारावरील जाचक बंधनें सैल करण्याचा प्रस्ताव पुढें आला. आयरिश माल आपल्याला बुडवील, अशी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना धास्ती पडली. बर्कनें प्रस्तावाला पाठिंबा दिला आणि त्यांना पत्रें लिहून तसें स्पष्ट कळविलें. १७८० मध्यें पराभव समोर दिसूं लागल्यावर त्यानें ब्रिस्टलमधून माघार घेतली. त्याला इतरही कारणें होतीं, पण हें एक होतेंच.

ही कथा मी पंचवीसएक वर्षें वर्गांत सांगत आलों आहें, आणि सांगतांना माझा आवाज थोडा चढतो. तिचा उत्तरार्ध मात्र मी घाईनें उरकतों. बर्कला माल्टन नांवाचा लहानसा मतदारसंघ लगेच मिळाला, कारण तो त्याचा आश्रयदाता उमराव रॉकिंगहॅम याच्या मुठींत होता. आमच्या उमेदवाराला असें माल्टन कोठून मिळणार? त्याचें ब्रिस्टल गेलें कीं सर्वच गेलें. म्हणून बर्कचें नांव घेऊन त्याच्यावर कोरडे ओढण्यांत मला आतां पूर्वीइतकी गोडी वाटत नाहीं.

परंतु आपल्याकडेही एक उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळानें तिची निकड सर्वांना पटविली. १९७५ सालीं व्यवसायकराचा कायदा झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनीं तो कर द्यावयाचा आणि त्याचें उत्पन्न खेड्यांतील मजुराला काम देण्यासाठीं राखून ठेवावयाचें, अशी ती योजना. १९७७ मध्यें हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. या व्यवस्थेंत घेणारा कोण हें स्पष्ट होतें, आणि देणारा कोण हेंही. उलट २०२४ च्या निवडणुकींत बहिणींना महिना १,५०० रुपये मिळतच होते. एका आघाडीनें २,१०० कबूल केले, दुसरीनें ३,०००. कर्जमाफी दोघांच्याही यादींत होती. बहिणींना पैसे मिळूं नयेत असें मी म्हणत नाहीं. पण ते कोणाच्या पदरचे, हें ज्याच्या पदरचे जावयाचे त्याच्या समोर उभें राहून सांगणारा उमेदवार मला भेटला नाहीं. आमच्या गल्लींत जे आले त्यांना आम्हीही कांद्याच्या भावाखेरीज कांहीं विचारलें नाहीं.

परवां आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें पगाराचा कागद पुढें करून विचारलें, "हे महिना २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३०० कापतात, ते कशाचे?" मीं त्याला तासगांवांतील पहिल्या प्रयोगापासून सर्व हकीकत उत्साहानें सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, "कल्पना चांगली आहे, पण आमच्यासारख्यांना त्या वेळीं कोणीं विचारलें होतें?" आणि थोड्या वेळानें, "समजा, कोणी उमेदवार दारीं येऊन म्हणाला असता कीं तुमचे वर्षाला २,५०० रुपये घेणार आहें, तर तुम्हीं त्याला मत दिलें असतें का, सर?"

दिलें असतें, असें मी म्हणणार होतों. तेवढ्यांत तासाची घंटा झाली, आणि ती झाली याचा मला आनंद झाला.