ताटी उघडणारी माणसे

॥ श्री ॥



आपण दुरून आलात. कोणी एस.टी.ने, कोणी पायी, कोणी लेकराबाळांना घेऊन ट्रॅक्टरमधून. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात काही ना काही साकडे असते. कोणाच्या कपाशीने दगा दिलेला असतो, कोणाचे कर्ते माणूस गेलेले असते, कोणाच्या मुलीचे लग्न मोडलेले असते. हात जोडून आपण म्हणतो, "देवा, मार्ग दाखव." पुष्कळदा मार्ग समोरच असतो, परंतु 'लोक काय म्हणतील?' ही ताटी त्यावर आडवी लावलेली असते. ही ताटी देवाने लावलेली नसते. ती आपणच लावतो आणि कालांतराने तिलाच धर्म म्हणू लागतो. ज्यांनी ती बाजूला सारली, अशा आपल्या खानदेशच्या मातीशी नाते असलेल्या काही माणसांचे स्मरण करावे, एवढाच या चिंतनाचा हेतू आहे.

मुक्ताईचा बोल

ताटी म्हणजे झोपडीचे साधे दार. हा शब्द उच्चारताच वारकऱ्याला मुक्ताई आठवते. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने ज्यांना वाळीत टाकले, त्या चार भावंडांतील ही धाकटी. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरीही लोकांची तोंडे बंद झाली नाहीत, असे परंपरा सांगते. एके दिवशी कोणाच्या तरी बोचऱ्या शब्दांनी ज्ञानदेवांचे मन व्यथित झाले आणि ते ताटी लावून आत बसले. त्या वेळी दाराबाहेर उभी राहून समजूत घालणारी होती ती सर्वांत लहान बहीण. लहानाने मोठ्याला शिकवू नये, स्त्रीने ज्ञान सांगू नये, हे दोन्ही संकेत तिने त्या दाराशी मोडले; आणि तेही प्रेमाने. तिचे ते बोल ताटीचे अभंग म्हणून आजही गाइले जातात.

पुढे चौदाशे वर्षे तप केल्याची ख्याती असलेल्या योगिराज चांगदेवांनी याच मुलीला गुरू मानले. गुरू वयाने मोठा असावा, हा संकेत तेथे गळून पडला. शके १२१९ मध्ये, म्हणजे इ.स. १२९७ साली, वयाच्या विशीच्या आतच मुक्ताई तापीतीरी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, अशी श्रद्धा आहे. पूर्वीचे एदलाबाद आज तिच्या नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते आणि त्याच तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर उभे आहे. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी नांदत आहेत. दरवर्षी मुक्ताईची पालखी सातपुड्याच्या पायथ्याचा हा प्रदेश ओलांडून पंढरीला जाते. ज्या मुलीला गावाने दूर लोटले, तिच्या पादुका आज गावोगावी खांद्यावर घेतल्या जातात.

आसोद्याची लेक

कोणी म्हणेल, 'मुक्ताई आदिशक्ती. आम्ही साधी माणसे.' म्हणून आता एका साध्या शेतकरी बाईचे चरित्र पाहू. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळील आसोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. शाळा त्यांनी पाहिली नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी कुटुंबात त्यांचा विवाह झाला. वयाच्या तिशीच्या सुमारास पती निवर्तले. पदरी तीन मुले. त्यांतील एकाला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. एका संसारावर यापेक्षा अधिक आघात ते कोणते व्हावेत?

त्या काळी अशा बाईकडून समाजाची अपेक्षा एकच असे : मान खाली घालून, आवाज न करता दिवस काढावेत. बहिणाबाईंनी दिवस काढले, पण मुकेपणाने काढले नाहीत. शेतात निंदणी-खुरपणी करताना, पहाटे जात्यावर बसल्यावर, चुलीशी धुराने डोळे चुरचुरत असताना त्यांच्या मुखातून गाणी येत राहिली. पेरणी, मोट, खोप्यातील सुगरण, माहेरची वाट, माणसाचे मन आणि स्वतःच्या वैधव्याचे दुःखही त्यांच्या ओव्यांत आले. काव्य म्हणजे शिकलेल्यांचे, ग्रांथिक भाषेतले, बहुधा पुरुषाने लिहिलेले, अशी समजूत असताना या बाईने आपल्या घरच्या बोलीतच देवाशी आणि धरित्रीशी संवाद साधला. ही गाणी चिरंजीव सोपानदेव व घरातील मंडळींनी वेळोवेळी उतरवून घेतली म्हणून वाचली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. आचार्य अत्रे यांनी ती गाणी पाहिली, त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आता पुढील गोष्ट मनात साठवावी. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर आज त्या बाईचे नाव असते, जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. बहिणाबाईंनी रूढीशी भांडण मांडले नाही. त्यांनी आपला आवाज तेवढा सोडला नाही. ईश्वराने दिलेली देणगी जगाच्या भीतीने झाकून ठेवणे ही नम्रता नव्हे. ती देणाऱ्याचीच उपेक्षा होय.

दोन बंद दारे

तिसरे स्मरण पूज्य साने गुरुजींचे. जन्म कोकणातील पालगडचा; परंतु कर्मभूमी आपला खानदेश. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. 'मास्तरांनी असली कामे करू नयेत,' हा संकेत त्यांच्या मातृहृदयापुढे टिकला नाही.

१९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच विनोबाजींनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि ते शब्द गुरुजींनी टिपून घेतले. गीताप्रवचन मठात किंवा मंदिरात व्हावे, ही रीत. येथे ते कारागृहात, कैद्यांपुढे झाले. त्यातून सिद्ध झालेला 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज देशातील अनेक भाषांत वाचला जातो. बंद दाराआड भगवंताची वाणी जाऊ शकते, हे धुळ्याने पाहिले.

दुसरे दार पंढरीचे. संत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. चोखोबांच्या वारसदारांना शतकानुशतके तेथूनच परतावे लागले. महाराष्ट्रभर हिंडून गुरुजींनी लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. विरोध झाला, निंदा झाली. त्यांनी कोणावर हात उगारला नाही. स्वतःचा देह झिजवला. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले.

याच संदर्भात एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी सहस्रावधी माणसे प्रवेश मागत उभी राहिली होती. वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला. दार उघडले नाही. त्यांतील अनेकांनी पुढे त्या दाराकडे पाठ फिरविली आणि स्वतःचा वेगळा मार्ग निर्माण केला. दार लावणाऱ्याला वाटते की आपण देवाचे पावित्र्य राखले. प्रत्यक्षात तो देवाची लेकरे गमावतो.

कार्यालयातील एक पावती

हे सारे लिहिणारा मी मात्र निर्दोष आहे असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी श्रावणी सोमवारी, भर गर्दीत, शिंदखेड्याकडील एक प्रौढ बाई अभिषेकाची पावती घेण्यास आल्या. कपाळ मोकळे, हातांना शेतीचे घट्टे. सवयीने मी विचारले, "घरातील कर्त्या पुरुषाचे नाव सांगा." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, घरमा करता बी मीच नि करती बी मीच." पती गेल्यानंतर स्वतः नांगर धरून, माणसांची बोलणी सोसून त्यांनी सावकाराचे देणे फेडले होते आणि त्यानिमित्त त्या देवाला अभिषेक करणार होत्या. माझी लेखणी थबकली. घरी आईने मुक्ताईचे अभंग शिकविलेला, पदवी घेतलेला मी, आणि माझ्याच हातात ती ताटी होती! मी त्यांची क्षमा मागितली व यजमान म्हणून त्यांचेच नाव लिहिले. गाभाऱ्यात गुरुजींनी त्यांच्या नावाने संकल्प सोडला, तेव्हा त्या बाईंच्या डोळ्यांतील पाणी पाहून मला आतापर्यंत परत गेलेल्या किती बाया असतील, या विचाराने लाज वाटली.

आपण काय करावे?

याचा अर्थ प्रत्येक रूढी टाकून द्यावी, असा नव्हे. वारीचा नेम, एकादशीचे व्रत, दारी आलेल्याला पाणी देणे, याही रूढीच आहेत आणि त्या माणसाला घडवितात. पारख एवढीच करावी : ही रीत माणसाला देवाजवळ नेते की देवापासून दूर उभे करते? जवळ नेत असेल तर ती प्राणापलीकडे जपावी. दूर लोटत असेल तर ती नम्रपणे, परंतु निश्चयाने सोडावी. मुक्ताईने ती प्रेमाने सोडली, बहिणाबाईंनी कष्टाने आणि गाण्याने, गुरुजींनी स्वतः क्लेश सोसून. तिघांपैकी कोणीही द्वेषाचा आधार घेतला नाही.

म्हणून, भाविकहो, आज दर्शन घेऊन परतताना एक संकल्प करावा. घरातील विधवा सुनेला, बहिणीला हळदीकुंकवाच्या दिवशी मागे उभे करू नये. आरतीचे ताट प्रथम तिच्या हाती द्यावे. मुलगी शिकू म्हणते तर तिच्या वाटेत येऊ नये. पडलेला माणूस नव्या वाटेने उभा राहू पाहत असेल तर त्याला नावे ठेवू नयेत. आणि आपण स्वतःच दुःखाने दार लावून बसला असाल, तर बाहेर कोणीतरी धाकटे, प्रेमाचे माणूस हाक मारीत आहे का, हे कान देऊन ऐकावे. ती हाक देवाचीही असू शकते.

सर्वांचे कल्याण होवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

– सचिव, विश्वस्त मंडळ कार्यालय